भोपळ्याचे दहा तास

आमच्या जावयांना एक खोड आहे. ते कुठलीही गोष्ट सरळ करत नाहीत, आधी मोजतात. वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत, दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासतात, इथवर ठीक. पण संध्याकाळी तो तराजू कचेरीत ठेवून घरी यावं की नाही माणसानं? चहात साखर किती म्हणून विचारलं तर हे मलाच विचारतात, "सपाट चमचा की शिगोशीग?" मी जन्मभर लोकांच्या चहात साखर घालत आले, माझ्या चमच्याची अशी उलटतपासणी कुणी घेतली नव्हती. खिशात कायम मोजपट्टी. आमच्या खोलीत पडद्याची दांडी लावायला आले होते तेव्हा चार दिवस नुसती भिंत मोजली, आणि पाचव्या दिवशी दांडी लावली ती अशी की पडदा जमिनीपासून वीतभर वर. विचारलं तर म्हणाले, "आई, जमीन तिरकी आहे." घर बांधून तीस वर्षं झाली, जमिनीला ही बातमी नवीनच होती.

तर अशा माणसानं सहल ठरवली. दोन दिवस नावेवर. मोठा तलाव, तलावापलीकडे जंगल, नावेवरच दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. लेक म्हणाली, "आई, तूही चल, भोपळ्यालाही घेऊ."

भोपळ्या म्हणजे आमचा कुत्रा. रंगानं पिवळा, अंगानं गोल, वयानं अकरा. गेल्या वर्षी त्याला मूतखडा झाला होता. ऑपरेशन करून बाहेर आले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याला तुंबू द्यायचं नाही. दहा तास झाले आणि ह्यानं केली नाही, तर मला फोन करत बसू नका, थेट उचलून आणा. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही." ते दहा तास मी तेव्हापासून कपाळावर कोरून घेतल्यासारखे घेऊन हिंडते.

निघायच्या आधी लेकीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं. म्हणाली, "आई, एक वचन दे. दोन दिवस ह्यांना एक शब्द बोलायचा नाहीस. ह्यांनी काहीही मोजलं तरी."

मी दिलं. आणि मी शब्दाची पक्की आहे. शंका असेल त्यानं माझ्या धाकट्या जावेला विचारावं. एका लग्नात मी तिला म्हटलं होतं, तुझ्याशी बोलणार नाही. आज बावीस वर्षं झाली.

आता नावेवर कुत्र्यानं जायचं कुठे, हा प्रश्न सगळ्या इमारतीचा झाला. माझ्या कुत्र्याच्या पोटाखालची चर्चा जिन्यात उभं राहून लोकांनी केली. एक म्हणाली लंगोट बांधा. एक म्हणाली दोन दिवस पाणीच देऊ नका. तिला मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यावर आधी करून बघ. शेवटी वरच्या मजल्यावरचे भाऊजी खाली उतरले. ते तीस वर्षं जहाजाच्या इंजिनघरात होते, त्यामुळे पाण्याबद्दल काहीही बोलले तरी लोक ऐकतात.

"वहिनी, सोपं आहे," ते म्हणाले. "आमच्या जहाजावर कुत्रं असलं की त्याच्यासाठी दोराचं पायपुसणं ठेवायचो. जमिनीवर असतानाच त्यात त्याचा वास मुरवायचा. मग भर समुद्रात पायपुसणं अंथरलं की कुत्रं म्हणतं, हे तर आपलंच ठिकाण."

झालं. जावयांना तक्ता करायला विषय मिळाला. ते समोरच्याच इमारतीत राहतात, त्यामुळे आठ दिवस रोज सकाळी सव्वासहाला हजर. मी भोपळ्याला मागच्या गल्लीतल्या खांबाशी न्यायची, जावई खांबाखाली पायपुसणं अंथरायचे, घड्याळ बघायचे, वहीत लिहायचे. शिवाय पायपुसण्यात मुरवायला जादा साठा हवा म्हणून माझा लांब दांड्याचा डाव घेऊन कुत्र्याच्या मागे वाकून उभे. सरकारी माणूस, कमरेत वाकलेला, हातात डाव. लोक गॅलरीत चहा घेऊन यायला लागले. मी तो डाव परत घरात घेतला नाही, हे सांगायला नको.

आठव्या दिवशी दुपारी मी सामान बघत होते. जेवणाच्या डब्यांच्या शेजारी ते पायपुसणं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्याचं मी काय केलं ते पुढे कळेलच.

ठरल्या दिवशी सव्वासहाला भोपळ्याचं गल्लीत झालं. नऊला आम्ही नावेत बसलो. नावाडी पोक्त, अबोल माणूस, खांद्यावर पंचा. चढता चढता त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: पाण्यात काही टाकू नये, कठड्यावरून काही करू नये. जावयांनी पाटी दोनदा वाचली. नियम दिसला की त्यांचा चेहरा खुलतो.

अकरा वाजता पुढच्या फळीवर पायपुसणं अंथरण्याचा सोहळा झाला. भोपळ्याला आणलं. त्यानं नाक खाली नेलं, आणि सटासट तीन शिंका दिल्या. मग पाय आखडून मागे सरकला आणि थेट खोलीत पलंगाखाली.

जावई गुडघ्यावर बसले. त्यांनीही वास घेतला. बराच वेळ घेतला. म्हणाले, "ह्याला दवाखान्याचा वास येतोय."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. पाणी छान होतं.

"आई," लेक म्हणाली, "तू हे धुतलंस?"

मी जावयांना बोलायचं नव्हतं, म्हणून पायपुसण्याला म्हटलं, "स्वच्छ आहे."

धुतलं होतं. गरम पाण्यात, फिनेल घालून, दोनदा. मग गच्चीवर वाळवलं. आता सांगा, चार माणसांच्या डब्यांना टेकून ती घाण मी नेऊ द्यायची होती? मला वाटलं, कुत्र्याला काय डोळे नाहीत? आठ दिवस बघितलेलं पायपुसणं ओळखणार नाही? मी माणसं नुसत्या चपलांवरून ओळखते. पण नाही, ह्या जातीचा सगळा व्यवहार नाकावर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे भाऊजींनी सांगितलं होतं, पण नीट नव्हतं सांगितलं.

जावई ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही काढून आठ दिवसांच्या तक्त्यावर एक आडवी रेघ मारली.

मग प्रयोग सुरू झाले. नळाची बारीक धार सोडून ठेवली, आवाज ऐकून होते म्हणे. झाली खरी. आधी लेक उठली, मग जावई, नावाडी तर दोनदा जाऊन आला. माझंही सांगत नाही. भोपळ्या मात्र पलंगाखाली, डोळे मिटून. मग जावयांनी केरसुणी उभी बांधली, खांब म्हणून. भोपळ्यानं केरसुणीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, हा काय प्रकार, असं. त्याचंही खरं आहे. डोक्यावर छप्पर, खाली फळी, पलीकडे पलंग. अकरा वर्षं मी त्याला एकच शिकवलंय, घरात नाही. एकदा गच्चीवर केली होती त्यानं, पिल्लू असताना, तेव्हा मी असं काही बोलले होते की पुन्हा त्याची छाती झाली नाही. माझी शिस्त अशी आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, थोडी कमी असती तर चाललं असतं.

एक वाजता त्यानं पाणी नाकारलं. उकडलेलं अंडं पुढे केलं तर तोंड फिरवलं. अंड्याला नाही म्हणणारा हा कुत्रा नाही. पोटाला हात लावला तर टणक. मी मनात मोजलं, सात तास होत आले. हो, मीही मोजायला लागले होते. संगत.

"जंगलाकडे घ्या," मी नावाड्याला म्हटलं.

दोन वाजता काठाला लागलो. तिथं एक चौकी आणि चौकीत वनरक्षक. टेबल, रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन. म्हणाला, "कुत्र्याला उतरवायचं तर अर्ज लागेल, आजी."

आजी! मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. स्वतःच्या मिशा पांढऱ्या आणि मी आजी. पण गरज माझी होती, गिळलं.

अर्जात रकाना होता, उतरण्याचं प्रयोजन. जावयांनी लिहिलं, नैसर्गिक विधी.

"असं प्रयोजन नाही," वनरक्षक म्हणाला. "छायाचित्रण आहे, पदभ्रमण आहे, अभ्यास आहे. ह्यातलं एक लिहा."

"पण ते खोटं होईल," जावई म्हणाले.

"मग उतरता येणार नाही."

"खोटी नोंद करणं गुन्हा आहे. मी स्वतः शासकीय सेवेत आहे."

"कुठल्या खात्यात?"

एवढं पुरलं. दोन सरकारी माणसं एकमेकांना सापडली. कुठलं कलम, कुठलं परिपत्रक, कुणाच्या सहीचं. पाऊण तास! कुत्रा माझ्या पायाशी थरथरतोय आणि हे दोघं परिपत्रकाची तारीख आठवतायत. माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं होतं ते मी दातांनी धरून ठेवलं. लेक माझ्या हातावर हात ठेवून होती, माया म्हणून नव्हे, झाकण म्हणून. शेवटी नावाड्यानं खाली वाकून पेन उचललं आणि रकान्यात स्वतःच लिहिलं, अभ्यास.

तरी संपलं नाही. पाण्यापासून साठ पावलं लांब. पट्टा सहा फुटांच्या आत. दुसरं काही झालं तर पिशवीत भरून परत न्यायचं. आणि अभ्यास असेल तर रक्षक सोबत लागतो. जावयांनी विचारलं, "साठ पावलं कुणाची?" वनरक्षक म्हणाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग मोजपट्टी निघाली.

अशी आमची वरात. पुढे जावई पट्टी ओढत, मागे मी आणि कुत्रा, मागे लेक पिशव्या घेऊन, मागे रजिस्टर काखेत मारून वनरक्षक. एका पिवळ्या कुत्र्यानं एक पाय वर करावा म्हणून.

त्यानं केला नाही. चाळीस झाडं हुंगली. दर झाडाशी आम्ही सगळे श्वास रोखून थांबायचो, तो वळून आमच्या चार तोंडांकडे बघायचा आणि पुढे चालायचा. मी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. वनरक्षक म्हणाला, पाठ फिरवली तर मी नोंद काय करू? चार वाजायला आले तेव्हा भोपळ्या एका जाड बुंध्याशी बसला तो उठेना. बारीक कण्हायला लागला. अकरा वर्षांत मी त्याला कण्हताना एकदाच ऐकलं होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

नावाडी काठावरून वर आला. म्हणाला, "मावशी, साडेचारला वारा उठतो. मग मी नाव काढत नाही. परत डॉक्टरकडे जायचं तर आत्ताच सांगा. तीन तास लागतील."

तीन तास. दहा तर आत्ता होत होते. मी खाली बसले. मला ते पायपुसणं दिसायला लागलं, गच्चीवर वाळत घातलेलं, कसं लख्ख दिसत होतं.

नावाडी माझ्यासमोर उकिडवा बसला. "घरी सकाळी काय होतं ते सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

"काय व्हायचंय? पट्टा घालते, जिना उतरते, गल्लीत नेते. खांबाशी थांबते. मग तळमजल्याची बाई खिडकी उघडते. म्हणते, रोज आमच्याच खिडकीखाली का? मग मी तिला सांगते."

"काय सांगता?"

"ते रोज वेगळं असतं."

"किती वेळ?"

"आता ते काय मी—"

"चार ते सहा मिनिटं," जावई म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते वही उघडून, एका रकान्यावर बोट ठेवून उभे होते. "आठही दिवस. आणि भोपळ्याची तिसऱ्या मिनिटाला. आईंचा आवाज चढला की. मी वेळ लिहिली होती, कारण लिहिलं नव्हतं."

 

म्हणजे माझ्या भांडणाची वेळ मोजत होता हा माणूस! डाव हातात धरून! आणि हा कुत्रा, ज्याला मी अकरा वर्षं शिस्तीचा समजत होते, तो मी भांडले की मोकळा होत होता, आणि आज नावेत चढल्यापासून मी तोंड शिवून बसले होते म्हणून तोही शिवलेला.

लेक रडवेली झाली. "आई, सोडवलं वचनातून. बोल. कुणालाही बोल."

कुणालाही? हा काय नळ आहे? मी वनरक्षकाला म्हटलं, "काय हो, तुमचं हे रजिस्टर..." पुढे सुचेना. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "खरंय आजी." अशा माणसाशी काय भांडणार? भोपळ्यानं माझ्याकडे कीव करून पाहिलं. त्याला खोटं कळतं.

मग जावई पुढे आले. वही खिशात घातली, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, माझ्यापासून चार फुटांवर उभे राहिले. म्हणाले, "आई, मला बोला."

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही जरा माणसाला... म्हणजे कधी कधी..."

भोपळ्यानं डोकं पंजांवर ठेवलं.

जावयांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. आणि हळू म्हणाले, "आई, ते पायपुसणं तुम्ही धुतलं नसतं तर तो आत्ता असा कण्हत नसता."

खरं होतं. म्हणूनच ते मला सहन झालं नाही.

"मी धुतलं? हो, धुतलं! घाणीला घाण म्हणायची माझी प्राज्ञा आहे! तुम्हाला आहे? जेवणाच्या डब्याला टेकून ठेवता, अन्नाला टेकून, आणि वर तक्ता करता? पाऊण तास त्या टेबलाशी! एक शब्द लिहायला पाऊण तास! जनावर तडफडतंय आणि तुम्हाला कलम आठवतंय! साठ पावलं कुणाची म्हणे! तुमच्या मोजपट्टीला काळीज असतं तर ती गुंडाळून पळून गेली असती! माझ्या साखरेला नावं ठेवता, माझ्या जमिनीला तिरकी म्हणता, अरे तिरकी जमीन नाही, तिरकी..."

"झालं," वनरक्षक कुजबुजला.

भोपळ्या उठला होता. बुंध्याशी जाऊन त्यानं पाय वर केला होता. आणि सुरू. माझ्या तोंडातला शब्द तिथंच राहिला, आणि मी गप्प झाले.

तोही थांबला. पाय तसाच अधांतरी, मान माझ्याकडे वळवून.

"थांबू नका आई!" जावई ओरडले. "पडद्याची दांडी!"

"ती दांडी!" मी म्हटलं. "वीतभर वर पडदा! येणारा-जाणारा विचारतो, पडद्याला पूर आला होता का?"

"लग्नात घड्याळ लावून फोटो काढले!"

"ते सांगूच नका! प्रत्येक पाहुण्याला बारा सेकंद! माझी सख्खी बहीण डोळे मिटलेली आली आणि तुम्ही म्हणालात वेळ संपली!"

"प्रेशर कुकर!"

"शिट्ट्यांची नोंदवही ठेवतो हा माणूस! नोंदवही!"

ते एकेक आठवण करून देत होते, मी एकेक घेत होते, आणि भोपळ्या सावकाश, तब्येतीत, दहा तासांचा सगळा हिशेब त्या झाडाला देत होता. मधे माझे विषय संपले तर मी पडद्यावर दुसऱ्यांदा गेले. शेवटी त्यानं पाय खाली टाकला, अंग झटकलं, मागच्या पायांनी माती उडवली आणि येऊन लेकीच्या हातातली अंड्याची पिशवी हुंगायला लागला.

 लेक खाली बसून कुत्र्याच्या गळ्यात पडली होती. नावाड्यानं पंच्यानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, पण डोळ्यांवरूनही फिरवला. वनरक्षकानं रजिस्टर उघडून विचारलं, "अभ्यास पूर्ण, असं लिहू?"

"लिहा," जावई म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. गळपट्टी घामानं भिजलेली. एवढं सगळं, बायकोसमोर, दोन परक्या माणसांसमोर, सरळ उभं राहून ऐकून घेतलं होतं त्यांनी, आणि वर पुरवठाही केला होता. तरी हात खिशाकडे गेलाच. घड्याळ बघून हळूच म्हणाले, "एक मिनिट चाळीस सेकंद."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, आता आई काय म्हणते ह्या भीतीनं. मी उठले, अंगावरची पानं झटकली, जावयांच्या समोर जाऊन उभी राहिले. आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

"जावईबापू, तुम्ही माणूस म्हणून डोक्याला ताप आहात, आणि आत्ता बोलले त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पायपुसणं धुतलं ते माझं चुकलं, हेही ह्या सगळ्यांसमोर सांगते. पण तळमजल्याच्या बाईपेक्षा तुमच्याशी भांडायला जास्त मजा आली. झोपायच्या आधी भोपळ्याला परत उतरवायचंय, तेव्हा ह्याच झाडाखाली उभे राहा, आणि येताना काहीतरी नवीन चूक करून या, जुन्या सगळ्या संपल्या."